संथ संगणक आणि महोत्सवाची प्रत

माहितीपटाचे संकलन पूर्ण झाले की निर्मितीचे काम संपले असे वाटू लागते. परंतु संकलनाच्या टाइमलाइनवर दिसणारी चित्रे, ध्वनी आणि अक्षरे ही तोवर संगणकाला दिलेल्या सूचनांची केवळ मांडणी असते, आणि त्या सूचनांनुसार प्रत्येक चित्र नव्याने रचले जाऊन कोणत्याही यंत्रावर चालणारी एक स्वतंत्र फाइल तयार होते, तेव्हाच चित्रपट दुसऱ्याच्या हाती देण्याजोगा होतो. या क्रियेला एक्स्पोर्ट म्हणतात. अनेक महिने खपून केलेल्या चित्रीकरणाचा दर्जा या शेवटच्या टप्प्यावर एखाद्या चुकीच्या निवडीने खालावू शकतो, आणि साधा लॅपटॉप वापरणाऱ्या दिग्दर्शकांमध्ये तर हा तोटा आपल्या यंत्राच्या दुबळेपणामुळेच अटळ आहे, असा समज दिसतो. हा समज मुळातच चुकीचा आहे.

ॲमस्टरडॅममध्ये १९८८पासून, मुंबईत १९९०पासून आणि तिरुवनंतपुरममध्ये २००८पासून माहितीपटांना महत्त्वाचे स्थान देणारे आंतरराष्ट्रीय महोत्सव भरत आले आहेत. अशा महोत्सवांकडे चित्रपट पाठवताना एक भेद आरंभीच ध्यानात घ्यावा लागतो, तो म्हणजे निवड समितीने पाहण्याची प्रत वेगळी आणि निवड झाल्यावर पडद्यावर दाखवण्याची प्रत वेगळी. पहिली प्रत बहुधा इंटरनेटवरून पाठवली जाते आणि लॅपटॉपवर किंवा दूरचित्रवाणी संचावर पाहिली जाते. दुसरी प्रत चित्रपटगृहातील प्रक्षेपकासाठी असते. पहिल्याच पायरीवर दुसऱ्या प्रतीचा खटाटोप करणे म्हणजे वेळ आणि साठवणूक दोन्ही वाया घालवणे होय.

प्रतीचा आकार का वाढतो, हे समजण्यासाठी थोडे गणित करणे उपयोगी ठरते. फुल एचडी चित्राची रुंदी १९२० आणि उंची १०८० बिंदूंची असते, म्हणजे एका चित्रात सुमारे २०.७ लाख बिंदू असतात. प्रत्येक बिंदूच्या रंगासाठी तीन बाइट धरले आणि सेकंदाला २५ चित्रे धरली, तर एका सेकंदाला सुमारे १५५ मेगाबाइट आणि ५० मिनिटांच्या माहितीपटाला सुमारे ४६७ गिगाबाइट जागा लागेल. इतकी मोठी फाइल पाठवणे अशक्य असल्याने ती आक्रसावी लागते, आणि आक्रसण्याच्या व पुन्हा उलगडण्याच्या पद्धतीला कोडेक असे नाव आहे. २००३ साली प्रमाणित झालेली एच.२६४ ही पद्धत आज जवळपास प्रत्येक यंत्राला वाचता येते. २०१३ साली आलेली एच.२६५ ही पद्धत तोच दर्जा कमी जागेत देऊ शकते, पण तिच्या निर्मितीला अधिक वेळ लागतो आणि जुन्या यंत्रांवर ती अडखळते. परीक्षक कोणत्या यंत्रावर चित्रपट पाहणार हे ठाऊक नसताना पहिल्या प्रतीसाठी एच.२६४ आणि एमपी४ हे वेष्टन निवडणेच शहाणपणाचे आहे.

एच.२६४ प्रत्येक चित्र पूर्णपणे साठवत नाही. ठराविक अंतराने एक संपूर्ण चित्र ठेवून मधल्या चित्रांत प्रामुख्याने काय बदलले तेवढेच ती नोंदवते, आणि या एकाच गोष्टीतून माहितीपटकाराच्या बहुतेक अडचणींचा उलगडा होतो. खुर्चीत बसून बोलणाऱ्या व्यक्तीच्या मुलाखतीत ओठ आणि हात सोडले तर फारसे काही हलत नाही, त्यामुळे ती थोडक्या जागेत मावते. पण पावसात चाललेली वारी, गुलालाने भरलेली विसर्जनाची मिरवणूक, वाऱ्याने डुलणारे जोंधळ्याचे शेत किंवा खळाळते पाणी यांत प्रत्येक चित्र आधीच्या चित्राहून जवळजवळ सर्वस्वी वेगळे असते, आणि तेथे जागा अपुरी पडली की चित्रात चौकोनी ठिगळे दिसू लागतात. कमी प्रकाशात हातातील कॅमेऱ्याने टिपलेल्या दृश्यांचेही असेच होते, कारण अंधारातील वळवळणारे कण संगणकाला हालचालीसारखेच भासतात. त्यामुळे अशा दृश्यांतील कण संकलनाच्या वेळीच बेताने कमी केले, तर त्याचा लाभ एक्स्पोर्टमध्ये दुपटीने मिळतो.

एका सेकंदासाठी किती माहिती वापरायची, या मापाला बिटरेट म्हणतात. ते मेगाबिटमध्ये मोजतात आणि आठ बिटांचा एक बाइट होतो. सेकंदाला १२ मेगाबिट हा दर धरला तर ५० मिनिटांचा माहितीपट साडेचार गिगाबाइटचा होतो, आणि २० मेगाबिट धरला तर साडेसात गिगाबाइटचा. फुल एचडी प्रतीसाठी या दोन आकड्यांच्या दरम्यानचा दर पुरेसा असतो, मात्र महोत्सवाच्या नियमावलीत वेगळी मर्यादा दिली असेल तर तीच अंतिम मानावी. दर ठरवताना इंटरनेटचा वेगही हिशेबात घ्यावा लागतो, कारण साडेचार गिगाबाइटची फाइल सेकंदाला १० मेगाबिट वेगाने चढवायला एक तास लागतो, तर २ मेगाबिट वेगाने पाच तास. फुल एचडीत चित्रित केलेला माहितीपट ४केमध्ये फुगवून पाठवल्याने नवा तपशील निर्माण होत नाही, केवळ बिंदू चौपट होतात आणि तेवढ्याच बिटांची वाटणी चौपट बिंदूंत करावी लागते.

यंत्राच्या दुबळेपणाचा प्रश्न येथे उभा राहतो, आणि त्याचे उत्तर पुष्कळांना अनपेक्षित वाटेल. एच.२६४ फाइल दोन मार्गांनी तयार करता येते. एका मार्गात संगणकाचा मुख्य प्रोसेसर सॉफ्टवेअरच्या साहाय्याने प्रत्येक चित्राचा हिशेब करतो. दुसऱ्या मार्गात चिपमध्येच बसवलेली खास यंत्रणा ते काम झपाट्याने उरकते, आणि इंटेलने २०११ साली व एनव्हिडियाने २०१२ साली अशी यंत्रणा बाजारात आणल्यापासून संकलनाच्या अनेक सॉफ्टवेअरमध्ये तिचा पर्याय उपलब्ध आहे. मात्र वेगासाठी ही यंत्रणा हिशेबाच्या काही शक्यता वगळते, त्यामुळे तेवढ्याच बिटरेटला, विशेषतः जुन्या चिपवर, तिचा दर्जा सावकाश केलेल्या सॉफ्टवेअरच्या कामापेक्षा उणा पडतो. उलट सॉफ्टवेअरच्या मार्गाने गेल्यास, तीच सेटिंग्ज दिली असता, दहा वर्षे जुना लॅपटॉप आणि महागडा स्टुडिओतील संगणक यांच्याकडून मिळणाऱ्या फायलींच्या दर्जात फरक राहत नाही. फरक पडतो तो फक्त लागणाऱ्या वेळात. ५० मिनिटांच्या माहितीपटात ७५,००० चित्रे असतात, आणि सेकंदाला पाचच चित्रे पूर्ण करणारा संगणकही ती सव्वाचार तासांच्या आतच संपवतो. ज्याच्याकडे पैसा नाही पण एक रात्र आहे, त्याला दर्जाशी तडजोड करण्याचे कारण उरत नाही.

हा वेळ कशावर खर्च करावा, याचेही तारतम्य असते. हँडब्रेक, शॉटकट, केडेनलाइव्ह यांसारखी विनामूल्य सॉफ्टवेअर आणि त्यांच्या मुळाशी असलेले एफएफएमपेग हे साधन, यांत एक्स२६४ हा एन्कोडर वापरता येतो आणि त्यात ‘अतिजलद’पासून ‘अतिसंथ’पर्यंत पायऱ्या असतात; ‘मध्यम’वरून ‘संथ’वर गेल्यास लाभ जाणवतो, पण त्यापुढच्या पायऱ्यांवर वेळ अनेक पटींनी वाढूनही डोळ्यांना फारसे काही हाती लागत नाही. बिटरेटऐवजी दर्जाचा स्थिर आकडा ठरवण्याची सोयही त्यात असते. या मोजपट्टीवर २३ हा आकडा मूळचा ठेवलेला असतो, आकडा जितका लहान तितका दर्जा वरचा, आणि आकडा सहाने घटवला की फाइल साधारण दुप्पट होते. बहुतेक माहितीपटांसाठी १८च्या आसपासचा आकडा योग्य ठरतो, कारण मग मुलाखतीला कमी आणि वारीला अधिक जागा आपोआप मिळते. फाइल ठरावीक आकारातच बसवायची असेल, तर दोन फेऱ्यांची पद्धत घ्यावी, जिच्यात संगणक पहिल्या फेरीत संपूर्ण चित्रपट तपासतो आणि दुसऱ्या फेरीत त्या अंदाजाने बिटांची वाटणी करतो.

मात्र प्रत्येक महोत्सवासाठी टाइमलाइनवरून पुन्हा पुन्हा एक्स्पोर्ट करणे दुबळ्या यंत्रावर जाचक असते, म्हणून एकदाच उत्तम दर्जाची मूळ प्रत, म्हणजे मास्टर, काढून बाकीच्या सर्व प्रती तिच्यापासून तयार कराव्यात. यासाठी ॲपलने २००७ साली आणलेली प्रोरेस किंवा ॲव्हिडची डीएनएक्सएचआर ही कोडेके वापरली जातात, ज्यांत प्रत्येक चित्र स्वतंत्रपणे साठवलेले असते. प्रोरेस ४२२ एचक्यूमध्ये २५ चित्रांच्या वेगाने ५० मिनिटांचा माहितीपट सुमारे ६९ गिगाबाइट जागा घेतो. तरीही ही अवजड फाइल प्रोसेसरवर एच.२६४पेक्षा हलकी पडते, कारण एक चित्र दाखवण्यासाठी त्याला मागचीपुढची चित्रे चाळावी लागत नाहीत. ज्यांनी संकलन प्रॉक्सींवर, म्हणजे मूळ चित्रफितींच्या लहान नकलांवर, केलेले असते, त्यांनी मास्टर काढण्यापूर्वी मूळ फायली पुन्हा जोडल्या गेल्याची खात्री करणे अत्यावश्यक असते, अन्यथा संपूर्ण चित्रपट नकलांमधूनच तयार होतो आणि लहान पडद्यावर ते लक्षातही येत नाही.

चित्रांच्या वेगाबाबतचा घोळ मुख्यतः मोबाइलमुळे होतो. भारतातील विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्याने सेकंदाला २५ चित्रे घेतल्यास ट्यूबलाइटची लुकलुक टाळणे सोपे जाते, परंतु पुष्कळ मोबाइल सेकंदाला ३० चित्रे घेतात आणि तीही समान अंतराने नव्हे, तर प्रकाश पाहून मागेपुढे करत. अशी चित्रफीत तशीच टाइमलाइनवर घेतली तर वेगळ्या रेकॉर्डरवर घेतलेला आवाज हळूहळू ओठांपासून निसटू लागतो; म्हणून संकलनापूर्वीच हँडब्रेकसारख्या साधनाने तिचा वेग स्थिर करून घ्यावा. तीस चित्रांवरून पंचवीसवर येताना दर सहा चित्रांतले एक गळते आणि सरकत्या दृश्यांत धक्का जाणवतो, त्यामुळे बहुतांश चित्रीकरण ३०चे असेल तर टाइमलाइनही ३०चीच ठेवणे इष्ट.

रंगांसाठी रेक. ७०९ हे मानक आणि ध्वनीसाठी ४८ किलोहर्ट्झ, एएसी, ३२० किलोबिट ही सेटिंग्ज बहुतेक ठिकाणी चालतात. मराठी माहितीपटाच्या बाबतीत सबटायटल्सचा प्रश्न याहून मोलाचा आहे. महाराष्ट्राबाहेरील परीक्षकासाठी इंग्रजी सबटायटल्स चित्रातच कोरलेली असावीत, कारण वेगळी फाइल चालू करायची राहिली तर त्याला मुलाखतीतले एकही वाक्य कळणार नाही. मात्र मास्टर सबटायटल्सविना ठेवावा, म्हणजे दुसऱ्या भाषेसाठी तो पुन्हा वापरता येतो. व्यक्तींची आणि गावांची नावे देवनागरीत असतील तर जोडाक्षरे बारकाईने पाहावी लागतात, कारण काही सॉफ्टवेअरमध्ये ‘विठ्ठल’मधला ‘ठ्ठ’ सुटा होतो किंवा वेलांटी चुकीच्या अक्षराला चिकटते, आणि ज्या माणसाने विश्वासाने कॅमेऱ्यासमोर आपले आयुष्य उघड केले त्याचे नाव तरी पडद्यावर अचूक उमटलेच पाहिजे.

निवड झाल्यावर पुष्कळ महोत्सव डीसीपी, म्हणजे चित्रपटगृहांसाठीचा डिजिटल संच, मागतात. त्यात प्रत्येक चित्र जेपेग २००० पद्धतीने स्वतंत्र साठवले जाते आणि दर सेकंदाला २५० मेगाबिटांपर्यंत जाऊ शकतो. डीसीपी-ओ-मॅटिक या विनामूल्य सॉफ्टवेअरने तो घरच्या संगणकावरही तयार होतो. फुल एचडीचे चित्र १९९८ बिंदू रुंदीच्या चौकटीत ठेवल्यास दोन्ही बाजूंना ३९ बिंदूंची काळी पट्टी राहते, तिचा धसका घेऊ नये. चित्रपटगृहाचा मूळ वेग २४ असल्याने २५चा माहितीपट किंचित संथ केला तर ५० मिनिटांची लांबी ५२ मिनिटे ५ सेकंद होते. नियमावलीत कालमर्यादा असेल तर हा फरक आधीच कळवावा.

रात्रभर चालणाऱ्या एक्स्पोर्टला वीज जाण्याची भीती असते. एमपी४ फाइलची अनुक्रमणिका सर्वसाधारणपणे शेवटी लिहिली जाते, त्यामुळे काम अर्ध्यावर तुटले तर तोवरचे सगळेच निरुपयोगी होते. एमकेव्ही वेष्टनातील अर्धवट फाइल मात्र बहुधा वाचते आणि नंतर दर्जा न गमावता काही मिनिटांत एमपी४मध्ये हलवता येते. उन्हाळ्यात लॅपटॉप गादीवर न ठेवता खालून हवा खेळेल असा ठेवावा, कारण तापलेला प्रोसेसर स्वतःहून वेग कमी करतो. प्रत पेनड्राइव्हवर द्यायची असेल तर तो एफएटी३२ पद्धतीचा नसावा, कारण त्यावर चार गिगाबाइटहून मोठी फाइल बसत नाही. एक्सफॅट पद्धतीचा चालतो.

तयार झालेली प्रत पहिल्या क्षणापासून श्रेयनामावलीच्या अखेरपर्यंत, हेडफोन लावून आणि शक्य असल्यास दुसऱ्या यंत्रावर, पूर्ण पाहिली गेली पाहिजे. इंटरनेटवर चढवल्यानंतर संकेतस्थळ आपल्या सोयीसाठी ती फाइल पुन्हा आक्रसते, म्हणून महोत्सवाला दुवा पाठवण्यापूर्वी तो आपल्या खात्याबाहेरून, दुसऱ्याच्या मोबाइलवर सांकेतिक शब्द टाकून उघडावा, आणि वारीच्या पावसातले ते सर्वांत अवघड दृश्य तिथे कसे दिसते ते पाहावे.