महाड-पोलादपूर परिसरातील अवघड घाटवाटा

महाड-पोलादपूर परिसरातील घाटवाटा म्हणजे रायगड जिल्ह्यातील महाड व पोलादपूर या तालुक्यांतून सह्याद्रीचा मुख्य कडा चढून देशावर जाणाऱ्या जुन्या पायवाटा होत. वरंध आणि आंबेनळी या घाटांतून मोटाररस्ते झाल्यानंतर अशा वाटांवरील वाहतुकीला उतरती कळा लागली. आज त्यांचा वापर मुख्यतः कड्यालगतच्या गावांतील ग्रामस्थ आणि गिर्यारोहक करतात. या वाटांची अवघडता एकाच मापाने मोजता येत नाही. कोठे कातळ चढण्याचे तंत्र लागते, कोठे सुटे धोंडे धोकादायक ठरतात, तर कोठे लांबी आणि पाण्याची टंचाई कस पाहते. त्यामुळे एका वाटेचा अनुभव दुसऱ्या वाटेसाठी पुरेसा ठरेलच असे नाही.

स्थान व भूरचना

महाबळेश्वर येथे उगम पावणारी सावित्री नदी पोलादपूर व महाड या गावांवरून अरबी समुद्राकडे वाहते. महाड औद्योगिक वसाहतीलगतच्या बिरवाडीवरून वरंध घाटाकडे रस्ता जातो. पोलादपूरहून आंबेनळी घाटमार्गे महाबळेश्वर गाठता येते. या दोन रस्त्यांच्या आजूबाजूला व उत्तरेस रायगड-लिंगाण्यापर्यंत घाटवाटा पसरलेल्या आहेत.

येथील डोंगर बेसॉल्ट खडकाच्या एकावर एक थरांनी बनलेले आहेत. कठीण थरांचे उभे कडे झाले असून मऊ थरांच्या जागी उतार किंवा अरुंद सपाटी आढळते. अशा सपाटीला ‘पदर’ म्हणतात. कड्यातील ज्या उभ्या घळीतून पाणी आणि दगड खाली येतात तिला ‘नाळ’, तर डोंगराच्या उतरत्या धारेला ‘सोंड’ म्हणतात. उभा कातळ शिडीने किंवा खोबण्यांनी ओलांडावा लागतो, अशी वाट ‘निसणीची वाट’ म्हणून ओळखली जाते. वाटेच्या नावात यांपैकी कोणता शब्द आहे, यावरून तिच्या स्वरूपाचा प्राथमिक अंदाज बांधता येतो.

प्रमुख वाटांची तुलना

मढे घाट : पुणे जिल्ह्यातील केळद येथून ही वाट महाड तालुक्यातील कर्णवडीकडे उतरते. १६७० मध्ये सिंहगडावर धारातीर्थी पडलेले तानाजी मालुसरे यांचे पार्थिव याच वाटेने पोलादपूर तालुक्यातील उमरठ येथे नेले, अशी परंपरा आहे. मळलेल्या या वाटेवर कातळारोहण करावे लागत नाही. कोरड्या हंगामात ती तुलनेने सोपी मानली जाते. पावसाळ्यात मात्र निसरडे दगड आणि वाढलेले ओढे यांमुळे तिचे स्वरूप बदलते.

बोराट्याची नाळ : पुणे जिल्ह्यातील मोहरी गावाजवळून ही नाळ महाड तालुक्यातील पाने गावाच्या बाजूस उतरते. संपूर्ण नाळ लहानमोठ्या धोंड्यांनी भरलेली आहे. येथे कातळ चढण्याच्या कौशल्यापेक्षा तोल, गुडघ्यांची ताकद आणि शिस्त महत्त्वाची ठरते. वरच्या व्यक्तीच्या पायाखालून सुटलेला दगड दोन्ही बाजूंच्या कड्यांमुळे नाळेतच राहतो आणि खालच्या व्यक्तीवर येऊ शकतो. म्हणून मोठ्या गटाने लहान तुकड्या करून, एकमेकांच्या थेट खाली न राहता उतरणे आवश्यक असते.

लिंगाणा : रायगडासमोरील या सुळक्याची उंची २,९६९ फूट (सुमारे ९०५ मीटर) आहे. शिवकाळात या किल्ल्याचा उपयोग कैदखाना म्हणून होत असे. बोराट्याच्या नाळेच्या वरच्या भागातून एक अरुंद आडवी वाट लिंगाणा व रायलिंग पठार यांमधील खिंडीत पोहोचते. तेथून माथ्यापर्यंत अनेक कातळटप्पे असून दोर, हार्नेस, हेल्मेट आणि जाणकार आघाडीचा आरोहक यांशिवाय चढाई करणे जिवावर बेतू शकते. उतरतानाही दोराचा आधार घ्यावा लागतो. एकाच मार्गावर अनेक गट आल्यास खोळंबा होतो आणि उतरण्यास अंधार पडण्याचा धोका वाढतो.

ढवळे घाट : पोलादपूर तालुक्यातील ढवळे गावातून चंद्रगडाच्या पायथ्याजवळून बहिरीची घुमटी व गाढवमाळ या मार्गाने ही वाट महाबळेश्वरच्या आर्थर सीटवर, म्हणजे जुन्या मढीमहालावर, निघते. एकूण चढ एक हजार मीटरांहून अधिक आहे. तांत्रिकदृष्ट्या ही वाट लिंगाण्यापेक्षा पुष्कळ सोपी असली, तरी दाट रान, चुकवणाऱ्या ढोरवाटा आणि मोजके पाणवठे यांमुळे ती दमछाक करणारी आहे. अर्ध्या वाटेवर थकल्यास वर जाणे आणि मागे फिरणे दोन्ही सारखेच लांब पडते. म्हणून पहाटे निघणे आणि ढवळ्यातील माहीतगार सोबत घेणे श्रेयस्कर ठरते.

ऋतू आणि धोके

महाबळेश्वर येथे वर्षाला सरासरी ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. पावसाळ्यात नाळा धबधब्यांचे रूप घेतात, तसेच मुरलेल्या पाण्यामुळे मातीचे उतार सुटतात. जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यातील दासगाव व जुई येथे, तर २२ जुलै २०२१ रोजी तळीये येथे दरडी कोसळून मोठी जीवितहानी झाली. पाऊस संपल्यानंतरही गवताखालचा घसारा काही काळ अस्थिर राहतो. हिवाळा हा सर्वांत सोयीचा काळ असला, तरी कड्यांवरील आग्या मोहोळांचा धोका असतो. धूर व उग्र सुगंधी द्रव्ये टाळणे हा त्यावरील मुख्य उपाय होय. मार्चनंतर उष्माघात आणि पाण्याचा अभाव या प्रमुख अडचणी ठरतात.

आल्प्स पर्वतात आखलेल्या मार्गांबाहेर स्कीइंग करणाऱ्यांसाठी हिवाळ्यात हिमस्खलनाच्या धोक्याची १ ते ५ अशी श्रेणी नियमित जाहीर होते. सह्याद्रीत हवामान खात्याचे इशारे जिल्हानिहाय असतात; विशिष्ट नाळ किंवा सोंड त्या दिवशी सुरक्षित आहे की नाही, हे त्यांवरून कळत नाही. त्यामुळे पायथ्याच्या व घाटमाथ्याच्या ग्रामस्थांकडील ताजी माहिती हाच निर्णयाचा महत्त्वाचा आधार राहतो.

बचावकार्य

दरीत वाहन पोहोचत नसल्याने जखमी व्यक्तीला माणसांनीच दोर आणि स्ट्रेचरच्या साहाय्याने बाहेर काढावे लागते. २८ जुलै २०१८ रोजी आंबेनळी घाटात बस दरीत कोसळली, तेव्हा महाबळेश्वर ट्रेकर्स यांसारख्या स्थानिक स्वयंसेवी पथकांनी दोरांच्या साहाय्याने खोल दरीत उतरून काम केले. मोटाररस्त्यालगतच्या दरीतही एवढी यातायात करावी लागते. रस्त्यापासून कित्येक तास दूर असलेल्या नाळेत मदत पोहोचण्यास त्याहून अधिक वेळ लागणे स्वाभाविक आहे. नाळांत भ्रमणध्वनीला संपर्कक्षेत्र मिळण्याचीही शाश्वती नसते. म्हणून वाट, गटातील व्यक्तींची संख्या आणि परतीची वेळ गावात सांगून जाणे, तसेच मागे फिरण्याची वेळ आधीच ठरवणे, या दोन बाबी चारही वाटांना समान लागू पडतात.