रिमफायर रायफल व काडतुसाची निवड

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी कांस्यपदक मिळविले, ते ०.२२ रिमफायर रायफलीवर. महाविद्यालयांतील छात्रसैनिकही याच मापाच्या रायफलीवर नेमबाजी शिकतात. रिमफायर काडतुसात प्रज्वलक मिश्रण पुंगळीच्या बुडाच्या पोकळ कडेत भरलेले असते. कडेवर आघात होताच ते पेटते. मात्र केवळ ‘०.२२’ हा आकडा पाहून काडतूस निवडणे फसवे ठरते. १९५९ साली आलेल्या ‘मॅग्नम’ची पुंगळी ‘लाँग रायफल’हून रुंद असते. मॅग्नमच्या रायफलीत लाँग रायफल काडतूस सैल बसते, पुंगळी फाटते आणि तप्त वायू नेमबाजाच्या चेहऱ्याकडे येऊ शकतो. म्हणून नळीवर कोरलेले पूर्ण नाव व पेटीवरील नाव जुळवून पाहणे आवश्यक होय. चाप ओढूनही बार उडाला नाही, तर नळी लक्ष्याकडेच रोखून किमान ३० सेकंद थांबावे. बार क्वचित विलंबानेही उडतो.