कारभारी गेला, वाटप राहिलं, पुढे काय?

वडील वारले. जमीन, घर, बँकेतली ठेव, कशाचंच वाटप झालं नाही. कोर्टाने थोरल्या भावाला मिळकतीचा प्रशासक नेमलं आणि वाटपाआधी तोही गेला. मग गावात बोललं जातं, "आता सगळं त्याच्या पोरांचं." हे खरं नाही.

प्रशासकपद म्हणजे वतन नव्हे. ते बापाकडून मुलाकडे जात नाही. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 नुसार प्रशासक दोघे असतील तर मागे राहिलेल्याकडे सगळे अधिकार जातात. एकटाच असेल, तर उरलेल्या मिळकतीपुरता नवा प्रशासक नेमून घ्यावा लागतो. अर्ज जिल्हा न्यायाधीशांकडे, म्हणजे पलूसकरांना सांगलीला. जुन्या प्रशासकाने सहा महिन्यांत मिळकतीची यादी आणि वर्षभरात हिशेब कोर्टात द्यायचा असतो. त्याच्या नकला आधी काढा. बौद्धांना आजही हिंदू उत्तराधिकार अधिनियम, 1956 लागू आहे (आम्हाला ते खटकतं, पण आहे). त्यामुळे बहिणींचा हिस्सा भावाइतकाच. मेलेल्या प्रशासकाच्या मुलांना मिळतो तो फक्त त्याचा स्वतःचा हिस्सा.

बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर त्यांचं अप्रकाशित लिखाण दिल्ली हायकोर्टाच्या ताब्यात गेलं, नंतर महाराष्ट्राच्या ॲडमिनिस्ट्रेटर जनरलकडे. ते पद आहे, व्यक्ती नव्हे. अधिकारी बदलला तरी ताबा तुटत नाही. पण पेट्या वर्षानुवर्षं बंदच राहिल्या. नागपूरचे वकील जे. बी. बनसोड कोर्टात गेले, वसंत मून यांनी वारसांना गाठलं, तेव्हा कुठे ते लिखाण शासनाच्या खंडांतून लोकांपर्यंत आलं. मागे लागणारा कुणी नसेल तर मिळकत सुरक्षित राहते, वाटली मात्र जात नाही.

आपल्याकडे बहुतेक घरं कोर्टापर्यंत जातच नाहीत. तिथे खरी अडचण सातबाऱ्यावरच्या 'एकुमॅ' या शेऱ्याची, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. थोरल्याचं नाव सर्वांच्या वतीने लागलेलं असतं. तो वारला की वारस नोंदीत त्याचीच मुलं चढतात. धाकटे भाऊ आणि बहिणी कागदावरून गायब. फेरफाराने मालकी ठरत नाही, पण पुढे विक्री आणि कर्ज त्याच कागदावर होतं.

म्हणून जुना फेरफार काढून 'एकुमॅ' शेरा शोधा. नवी नोंद चालू असेल तर नोटिशीच्या पंधरा दिवसांत तलाठ्याकडे लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. नोंद मंजूर झाली असेल, तर 60 दिवसांत प्रांतांकडे अपील करता येतं.