जुना डायनिंग सेट : पारख कशी करावी, भाव कसा बांधावा?

अंधेरी, विलेपार्ले, मुलुंड, घाटकोपर या भागांत जुने बंगले आणि इमारती पुनर्विकासासाठी रिकाम्या होत आहेत. त्या घरांतील भारी नक्षीदार डायनिंग सेट नव्या फ्लॅटमध्ये मावत नाहीत, म्हणून विक्रीला निघतात. असा माल जोगेश्वरीच्या ओशिवरा बाजारात आणि चोर बाजारातील मटण स्ट्रीटवर येतो. या धंद्यात आपले अनेक बांधव आहेत. कोणी व्यापारी, कोणी सुतार, कोणी नक्षीवाला, कोणी पॉलिशवाला. चुकीची पारख झाली तर एका सौद्यात वर्षाची कमाई जाते किंवा गिऱ्हाइकाचा विश्वास जातो. म्हणून काही कामाच्या गोष्टी आम्ही येथे देत आहोत.

शैली म्हणजे वय नव्हे

वाकदार पाय आणि पंजात धरलेला गोळा दिसला की बाजारात ‘चिपेंडेल’ म्हणतात. थॉमस चिपेंडेल या इंग्रज कारागिराने आपले नमुन्यांचे पुस्तक १७५४ साली काढले. त्या घाटाचे फर्निचर एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पुन्हा लोकप्रिय झाले आणि विसाव्या शतकातही बनत राहिले. मुंबईत ते सागवानात आणि शिसवीत घडवले गेले. आपल्याकडे येणारा सेट बहुधा या पुनरुज्जीवनाच्या काळातील किंवा त्याहून अलीकडचा असतो. घाट जुना आहे, एवढ्यावरून वस्तूही तितकीच जुनी ठरत नाही.

लाकूडही नीट पाहावे. आपल्याकडचा काळसर जांभळट शिसव वेगळा आणि उत्तरेकडचा तपकिरी शीशम वेगळा. दोघांचा भाव एक नाही. साध्या लाकडावर विनियर चिकटवले असेल तर कडेला रेषा खाली उतरत नाहीत. भरीव फळीत त्या कडेवरही दिसतात.

उलटा करून पाहा

वरून पॉलिश कोणालाही करता येते. खरी गोष्ट खालच्या बाजूला कळते. टेबलाखालचे जुने लाकूड कोरडे असते आणि त्याचा रंग कमीजास्त असतो. सगळीकडे एकसारखा गडद रंग फासलेला असेल तर शंका घ्यावी. करवतीच्या गोल खुणा म्हणजे यंत्राची गोल करवत. स्टार स्क्रू १९३० च्या दशकात आला. तो मूळ सांध्यातच असेल तर सेट त्याआधीचा नाही. मात्र दुरुस्तीत नंतर बसवलेला स्क्रूही असू शकतो, म्हणून एकाच खुणेवर निकाल देऊ नये. आडोशाच्या जागी स्पिरिटचा थेंब लावावा. लाखेचे पॉलिश विरघळते, मेलामाइन किंवा पीयू विरघळत नाही.

खुर्च्या एक एक करून मोजाव्यात. नक्षीची खोली आणि पायांची जाडी सगळ्यांत जुळते का? हाताच्या खुर्चीची बैठक साध्या खुर्चीपेक्षा सहसा रुंद असते. दोन्ही सारख्याच रुंद असतील तर हात नंतर जोडले असण्याचा संभव आहे. टेबल लांबवायच्या जादा फळ्या आहेत का, त्यांचा रंग जुळतो का, हेही पाहावे. बारीक भोकांतून ताजा भुसा पडत असेल तर कीड जिवंत आहे.

भाव बांधताना

विक्रीच्या भावापासून मागे यावे. समजा, सेट १,६०,००० रुपयांना विकला जाईल. पॉलिश १८,०००, वेताचे विणकाम १२,०००, टेम्पो-हमाली ६,०००, गोदामभाडे ९,००० आणि आपला नफा २०,००० धरला, तर ९५,००० ही खरेदीची मर्यादा झाली. परदेशातील जुन्या किंमतींवर विसंबू नये. युरोप-अमेरिकेत गडद लाकडाच्या जड फर्निचरचे भाव गेल्या दोन-अडीच दशकांत बरेच उतरले आहेत.

कायद्याकडेही लक्ष हवे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तूंचा धंदा करायला परवाना लागतो आणि त्या खाजगीरीत्या परदेशी पाठवता येत नाहीत. शिसव आणि शीशम २०१७ पासून आंतरराष्ट्रीय नियंत्रणाखाली आहेत. निर्यातीचा सौदा करण्याआधी कागदपत्रांची चौकशी करावी.

बरकत सचोटीत

नव्वद वर्षांच्या सेटला ‘दोनशे वर्षांचा’ म्हणणे ही फसवणूक आहे. घर रिकामे करणाऱ्या म्हाताऱ्या बाईला ‘भंगार आहे’ सांगून शिसवीचा सेट उचलणे हीसुद्धा फसवणूकच आहे. धान्याच्या ढिगात हात घालून प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आतला ओलावा बाहेर काढला आणि फसवणारा आमच्यापैकी नाही असे बजावले, ही हदीस प्रत्येक व्यापाऱ्याला माहीत आहे. फर्निचरच्या धंद्यात तो ओलावा पॉलिशखाली असतो.

आपल्या कारागिरांनाही आमचे सांगणे आहे. आज घडवलेला चिपेंडेल घाटाचा सेट नकली नसतो. तो जुना म्हणून विकला की नकली होतो. त्याच्या खाली स्वतःचे नाव आणि साल कोरून तो नवा म्हणूनच विकावा. बिलावर लाकूड, अंदाजे काळ आणि केलेली दुरुस्ती स्पष्ट लिहावी. असे बिल हातात असलेले गिऱ्हाईक पुढच्या वेळी भाऊबंदांनाही घेऊन येते.