दोन चौरस मिलिमीटरांचा निकाल

सूक्ष्मदर्शकाच्या ४०च्या भिंगाखाली एका वेळी दिसणारं वर्तुळ साधारण अर्धा मिलिमीटर व्यासाचं असतं. स्तनाची एक विशिष्ट गाठ तपासायला आली, की पॅथॉलॉजिस्ट अशी दहा वर्तुळं एकामागून एक पाहतात आणि त्यांत किती पेशी विभागताना सापडल्या ते मोजतात. पाचाहून कमी असल्या तर गाठ साधी असण्याकडे कल. पाच ते नऊ म्हणजे सीमारेषेवरची. दहा किंवा त्याहून जास्त म्हणजे कर्करोगाचा संशय बळावला. या दहा वर्तुळांचं क्षेत्रफळ मिळून दोन चौरस मिलिमीटरही भरत नाही.

गाठीचं नाव फिलॉइड्स. जर्मन शास्त्रज्ञ योहान्नेस म्युलर यांनी १८३८ मध्ये तिला वेगळं नाव देऊन वैद्यकाच्या वहीत नोंदवलं. कापून पाहिली, की आत पानांसारखे पदर दिसतात. स्तनाच्या सगळ्या गाठींमध्ये हिचा वाटा एक टक्क्याहूनही कमी. सर्वसाधारण आकार चार-पाच सेंटिमीटर, पण दहा सेंटिमीटर ओलांडणाऱ्या गाठीही येतात आणि काही तर दोन-चार महिन्यांत वाढलेल्या असतात.

आता जरा हिशेब करू. दहा सेंटिमीटर व्यासाची गाठ गोल धरली, तर तिचं आकारमान सुमारे ५२३ घन सेंटिमीटर. एका घन सेंटिमीटरात १०० कोटी पेशी असतात, असं जुनं पुस्तकी गणित आहे. काही जण तो आकडा दहापट कमी धरतात. कमीतला कमी धरला तरी या एका गाठीत पाच हजार कोटींवर पेशी झाल्या. पृथ्वीवर आज जेवढी माणसं आहेत, त्यांच्या सहापट.

यातलं तपासलं किती जातं? काढलेली गाठ फॉर्मेलिनमध्ये मुरवतात, तिचे निवडक तुकडे मेणात बसवून ब्लॉक करतात आणि मायक्रोटोमवर त्यांच्या चार मायक्रॉन जाडीच्या चकत्या कापतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. गाठीच्या दर सेंटिमीटरमागे निदान एक ब्लॉक घ्यावा, असा संकेत आहे. म्हणजे इथे दहा ब्लॉक, दहा स्लाइड. एका स्लाइडवर दोन बाय दीड सेंटिमीटरचा तुकडा असेल, तर त्यात १.२ घन मिलिमीटर गाठ असते. दहा स्लाइडवर १२. गाठीत एकूण आहेत ५ लाख २३ हजार. थोडक्यात, भिंगाखाली आलेला भाग साधारण त्रेचाळीस हजारांत एक.

आणि ती दहा वर्तुळं? त्यांचा हिशेब साडेसहा कोटींत एक भाग असा येतो.

शितावरून भाताची परीक्षा आपल्या घराघरांत होते. किलोभर तांदळात साधारण पन्नास हजार दाणे असतात, त्यामुळे प्रमाण जवळपास तेच पडतं. पण भाताचं एक शीत शिजलं असेल तर शेजारचंही शिजलेलंच असतं. फिलॉइड्स अशी एकसारखी नसते. एका कोपऱ्यात निरुपद्रवी दिसणारी ऊती आणि दोन सेंटिमीटरवर सुसाट वाढणारी, असा प्रकार एकाच गाठीत आढळतो. म्हणून पॅथॉलॉजिस्ट ती दहा वर्तुळं डोळे मिटून निवडत नाहीत. आधी सगळ्या स्लाइड फिरवून जिथे विभागणी सर्वांत जास्त दिसते, तिथे थांबून मोजतात. शिवाय पेशींची दाटी, त्यांच्या केंद्रकांचं बिघडलेलं रूप, गाठीची कड नीट आहे की शेजारच्या ऊतीत घुसलेली, हेही जमेला धरतात. तरीही हे शेवटी नजरेचं काम आहे आणि नजर तयार होते ती अशा गाठी पुष्कळ पाहून.

डिजिटल स्कॅनर आले म्हणून हे काम सोपं झालं असं कुणाला वाटेल. अशी एक स्लाइड पाव मायक्रॉनला एक बिंदू या बारकाईने टिपली, तर चित्रात ४८० कोटी बिंदू येतात. दहा स्लाइडचे ४,८०० कोटी. माहिती अफाट, पण ती त्या त्रेचाळीस हजारांतल्या एका भागाचीच.

ऑपरेशनच्या आधी तर हातात याहूनही कमी असतं. १४ नंबरच्या सुईने घेतलेल्या बायोप्सीचा एक तुकडा भरतो १५-२० मिलिग्रॅम. चार-पाच तुकडे घेतले तरी १०० मिलिग्रॅमच्या आत, आणि गाठ अर्ध्या किलोची. त्यात गोम अशी, की तरुण मुलींमध्ये सर्रास आढळणारी फायब्रोॲडिनोमाची साधी गाठ आणि फिलॉइड्स या दोघी सुईच्या तुकड्यात जवळजवळ सारख्या दिसतात. रिपोर्टमध्ये 'फायब्रोएपिथेलियल गाठ, पूर्ण काढून तपासावी' असं लिहिलेलं दिसलं, तर तो कामचुकारपणा समजू नये. तितक्याशा तुकड्यावर तेवढंच प्रामाणिकपणे लिहिता येतं.

जनुकांनी तरी भेद सांगावा? माणसाच्या जनुकसंचात सुमारे ३०० कोटी अक्षरं. त्यातल्या मेड-१२ नावाच्या जनुकात, त्यातही मुख्यतः ४४व्या स्थानावरच्या तीन अक्षरांत, बिघाड सापडतो. सिंगापूरच्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवलं, की तो ५९ टक्के फायब्रोॲडिनोमांत असतो. एवढ्या मोठ्या मजकुरात तीन अक्षरांवर बोट ठेवता आलं हे थक्क करणारंच आहे. पण पुढे कळलं, की फिलॉइड्समध्येही बऱ्याचदा तोच बिघाड असतो. म्हणजे दोन्हींचं मूळ सापडलं आणि भेद सांगायची पंचाईत कायम राहिली.

भेदाला महत्त्व का, तर उपचार फिरतात म्हणून. फायब्रोॲडिनोमा नुसती सोलून काढली तरी चालते, कित्येकदा काढावीही लागत नाही. सीमारेषेवरची किंवा कर्करोगी फिलॉइड्स भोवतालच्या निरोगी ऊतीसकट काढावी लागते. जुना दंडक एक सेंटिमीटरचा. तशी काढली नाही तर ती त्याच जागी परत येण्याची भीती असते. उलट, स्तनाच्या नेहमीच्या कर्करोगात जे केलं जातं त्यातलं पुष्कळसं इथे गैरलागू. ही गाठ काखेतल्या लसिकाग्रंथींत क्वचितच जाते, म्हणून काख साफ करण्याचं कारण नसतं. संप्रेरकांच्या गोळ्यांचाही उपयोग नाही. चुकीच्या नावाखाली उपचार झाले, तर एकीला कमी मिळतात आणि दुसरीला नको तेवढे.

आता स्लाइडवरून डोळे उचलून देशाकडे पाहू. २०२२ मध्ये जगात स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे २३ लाख नवे रुग्ण नोंदले गेले, त्यांतले १ लाख ९२ हजार भारतातले. कर्करोगी फिलॉइड्सचा अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस परगण्यातला जुना दर आहे, दहा लाख स्त्रियांमागे वर्षाला २.१. तो दर आपल्या सुमारे ६९ कोटी स्त्रियांना लावला, तर वर्षाला चौदाशेच्या आसपास आकडा येतो. ढोबळच हिशेब, पण अंदाज पुरेसा आहे. चौदाशे बायका म्हणजे थोड्या नव्हेत. मात्र देशात साडेसातशेहून जास्त जिल्हे आहेत, त्यामुळे जिल्ह्यामागे वर्षाला दोनसुद्धा पडत नाहीत. जिल्ह्याच्या ठिकाणी निष्ठेने काम करणाऱ्या सर्जनने पाच-सात वर्षांत अशी एकही गाठ पाहिली नसेल, तर त्यात त्यांचा काय दोष?

युरोपात वर्षाला लाखामागे सहाहून कमी रुग्ण असलेल्या कर्करोगाला दुर्मीळ म्हणतात. आपल्या १४० कोटींत ती मर्यादा ८४ हजार रुग्णांवर जाते! असे कर्करोग एकेकटे दुर्मीळ खरे, पण युरोपात त्या सगळ्यांची बेरीज एकूण कर्करोगांच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक भरते.

नेहमीचा आजार असला की अभ्यासाचं बळ कसं वाढतं, त्याचं उदाहरण मुंबईतच आहे. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ मध्ये ३५ ते ६४ वर्षांच्या १,५१,५३८ स्त्रियांना घेऊन एक चाचणी सुरू केली. निम्म्या वस्त्यांतल्या स्त्रियांचे स्तन खास प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्य कार्यकर्त्या दर दोन वर्षांनी हाताने तपासत होत्या. मॅमोग्राफीचं यंत्र नाही की काही नाही. २०२१ मध्ये निष्कर्ष छापून आले: पन्नाशीपुढच्या स्त्रियांत या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले होते. माझ्या मते भारतीय वैद्यकातल्या सर्वांत मोलाच्या आकड्यांपैकी हा एक, आणि त्याची चर्चा मात्र फार थोडी झाली.

फिलॉइड्सच्या नशिबी असे दीड लाख येत नाहीत. सिंगापूर जनरल हॉस्पिटलमध्ये १९९२ ते २०१० या काळातल्या गाठी गोळा केल्या, तेव्हा ६०५ हाती लागल्या. त्यांतल्या ४४० साध्या, १११ सीमारेषेवरच्या आणि ५४ कर्करोगी. ८० जणींना गाठ परत आली, १२ दगावल्या. गाठ पुन्हा येण्याचा धोका किती, याचं गणित त्यांनी या ६०५ वरून बसवलं.

स्तनाचा सिक्रेटरी कार्सिनोमा त्याहूनही विरळा, स्तनाच्या हजार कर्करोगांत जेमतेम एखादा. त्यात दोन जनुकं तुटून एकमेकांना चिकटलेली असतात. असाच सांधा इतर अवयवांच्या काही गाठींतही सापडतो, तेव्हा संशोधकांनी अवयव बाजूला ठेवून सांध्यावरून रुग्ण शोधले. लॅरोट्रेक्टिनिब या औषधाच्या अभ्यासात मिळाले ५५ जण. सर्वांत लहान चार महिन्यांचं बाळ, सर्वांत मोठा रुग्ण ७६ वर्षांचा, आणि कर्करोगाचे प्रकार १७. त्यांतल्या ७५ टक्क्यांच्या गाठी ठळकपणे आकसल्या आणि २०१८ मध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली. एकीकडे दीड लाख स्त्रिया आणि दोन दशकं, दुसरीकडे ५५ रुग्ण.

तेव्हा घरात कुणाची स्तनातली गाठ काढली जाणार असेल, तर तीन गोष्टी आठवणीने करा. 'साधीच आहे' असं सांगितलं तरी ती पूर्ण तपासणीला पाठवायला सांगा. रिपोर्टबरोबर स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक मागून घ्या, ते वर्षानुवर्षं टिकतात. आणि रिपोर्टमध्ये फिलॉइड्स किंवा कधी न ऐकलेलं नाव दिसलं, तर दुसरी सुई टोचून घेण्याआधी तेच ब्लॉक मोठ्या कर्करोग रुग्णालयातल्या, अशा गाठी नेहमी पाहणाऱ्या पॅथॉलॉजिस्टकडे पाठवा. त्यासाठी रुग्णाने प्रवास करायची गरज नसते.