थेंबाहूनही कमी रक्त

गर्भवतीच्या रक्तात एचआयव्ही किंवा सिफिलिसचा संसर्ग असेल, तर तो गर्भातील बालकापर्यंत पोहोचू शकतो. वेळीच निदान झाल्यास बहुतांश बालकांचे रक्षण करता येते. सिफिलिसवर तर पेनिसिलिन हे जुने, स्वस्त औषध आजही गुणकारी आहे. अडचण असते ती निदानाची. नमुना दूरच्या प्रयोगशाळेत जातो, आणि अहवाल येईपर्यंत पायपीट करून आलेली माता घरी परतलेली असते.

कोलंबिया विद्यापीठातील सॅम्युअल सिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर सूक्ष्मप्रवाही तंत्राचा उपाय योजला. त्यांच्या ‘एमचिप’ या प्लॅस्टिकच्या पट्टीत अतिशय बारीक नलिका असतात. एक मायक्रोलिटर, म्हणजे मिलिलिटरचा हजारावा भाग, एवढे रक्त तिला पुरते. रसायने एका नळीत हवेच्या बुडबुड्यांनी विलग करून क्रमाने भरलेली असतात. साध्या सिरिंजच्या ओढीने ती एकामागून एक सरकतात. रक्तात रोगाची प्रतिपिंडे असल्यास तेथे सोन्याचे सूक्ष्मकण स्थिरावतात, त्यांवर चांदीचा थर जमतो आणि तो गडद ठसा उपकरण वाचते. सुमारे २० मिनिटांत उत्तर मिळते.

रवांडातील चाचण्यांचे निष्कर्ष २०११ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाले. २०१५ मध्ये याच गटाने स्मार्टफोनला जोडता येणारे उपकरण तेथील ९६ रुग्णांवर वापरून पाहिले. निदानास १५ मिनिटे लागली.

अशा प्राथमिक निष्कर्षाची पुढे खातरजमा करावीच लागते. तथापि, माता केंद्रातून उठून जाण्यापूर्वीच तिच्याशी उपचाराविषयी बोलता येते, हेच या तंत्राचे खरे मोल होय.