आठ मेगाहर्ट्झ मिळतात, पाच नाही

अर्डुइनो उनोच्या पिनवर चौकोनी लहरी हव्या असल्या की नवशिके लूपमध्ये दोनदा डिजिटलराइट लिहून मोकळे होतात. त्या एका आज्ञेलाच काही मायक्रोसेकंद लागतात. लाखभर हर्ट्झच्या आसपास तिचा दम संपतो. शिवाय मध्येच इंटरप्ट आला की लहर अडखळते, ते वेगळंच.

हे काम खरं तर टायमरचं. अ‍ॅटमेगा ३२८पी चिपमधला टायमर १ प्रोसेसरची वाट न पाहता १६ मेगाहर्ट्झच्या ठोक्यांवर मोजत राहतो. ठरवलेला आकडा आला की ९ नंबरची पिन स्वतःच उलटवतो आणि पुन्हा शून्यापासून सुरू. पिन दोनदा उलटली की एक आवर्तन पुरं होतं. म्हणून आकड्यात एक मिळवायचा, दुप्पट करायची आणि १६ मेगाहर्ट्झला त्यानं भागायचं. रजिस्टरमध्ये २१० भरा, ३७.९ किलोहर्ट्झ मिळतात. टीव्हीच्या बऱ्याच रिमोटना ३८ लागतात. एवढ्याशा फरकानं रिसीव्हर कुरकुरत नाही.

गंमत वरच्या टोकाला आहे. शून्य भरलं की ८ मेगाहर्ट्झ, एक भरलं की थेट ४, मग २.६७. मधलं काही मागूच नका! ५ हवे असतील तर एसआय५३५१सारखी वेगळी क्लॉक चिप जोडणं बरं.